रेडमी नोट ४ : आधी फर्मवेअर की आधी रॉम? बागेतल्या फोनसाठी विचारतोय

आंजर्ले_आगर

नमस्कार मंडळी. मी आंजर्ल्याचा, तालुका दापोली. डोंगरउतारावर हापूसची कलमं आणि खाली पऱ्याला लागून पोफळीचं आगर आहे. बाबा दिवसभर बागेत असतात. त्यांच्याजवळ एक फोन हवा आणि तो महागाचा नको, कारण तो कधी कलमाच्या फांदीला पिशवीत टांगलेला असतो, कधी खोपीत कोयतीशेजारी पडलेला. गणपतीत भावाने मुंबईहून स्वतःचा जुना रेडमी नोट ४ आणून दिला. ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. स्क्रीनला कोपऱ्यात एक चीर आहे, बाकी धडधाकट.

आत एमआययूआय ११ (शाओमी कंपनीने अँड्रॉइडला दिलेलं स्वतःचं रूप) आणि अँड्रॉइड ७.० आहे. अपडेट शोधलं की काही नवीन नाही असंच उत्तर येतं.

बाबांना लागतं काय, तर कॉल, व्हॉट्सॲप आणि विजेचा इशारा देणारं 'दामिनी'. आमच्याकडे मे अखेरीस आणि परत ऑक्टोबरात दुपारनंतर ढग चढला की बघता बघता कडकडाट सुरू होतो, आणि बाबा नेमके तेव्हा उंच झाडांखाली असतात. त्यामुळे सूचना वेळेवर वाजणं हे माझ्या दृष्टीने सगळ्यात वरचं काम. सध्या हा फोन थोडा वेळ खिशात राहिला की कुठल्याच ॲपची सूचना वेळेवर येत नाही. स्क्रीन उघडली की सगळ्या एकदम धावत येतात.

दुसरं, ब्राउझरमध्ये काही साइट उघडत नाहीत. कनेक्शन खासगी नाही असं लाल अक्षरात येतं. तारीख-वेळ बरोबर आहे. तीच साइट फोनमधल्या फायरफॉक्सवर मात्र उघडते.

तालुक्याच्या गावी एका दुकानात दाखवला. ते म्हणाले, सॉफ्टवेअर मारून देतो, नव्यासारखा होईल. पुतण्या म्हणतो, लिनेज नावाचा रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाका, पुढचं अँड्रॉइड मिळेल. त्याने पाठवलेले व्हिडिओ पाहिले. एकात म्हणतात आधी फर्मवेअर टाका, दुसऱ्यात फर्मवेअरचं नावही नाही. ही दोन वेगळी आहेत का? आधी कशाला हात घालायचा? आणि यात कॉल तर जाणार नाहीत ना? बागेत फक्त जिओची रेंज मिळते, तीही दोन काड्या. लॅपटॉप विंडोजचा आहे. लाईटचा भरवसा नाही.


चिपळूणकर_सर

माझं मत विचाराल तर बूटलोडरला, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या कुलपाला, हात लावू नका. आईच्या फोनवर मी जे केलं ते सांगतो. डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू केलं, लॅपटॉपवरून एडीबीने (वायरीतून फोनला आज्ञा देणारं साधन) कंपनीची नको असलेली ॲप त्या युजरपुरती काढली. मूळ सिस्टिम जशीच्या तशी राहते आणि फोन रीसेट केला की ती ॲप परत येतात, म्हणजे नुकसान काही नाही. मग ज्या ॲपची सूचना हवी त्याला ऑटोस्टार्ट चालू, बॅटरी सेव्हरमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स', आणि रीसेंटच्या पडद्यावर त्या ॲपला कुलूप. एमआययूआयवर या तिन्ही गोष्टी केल्याशिवाय मागे चालणारं ॲप जिवंत राहत नाही. बँकेची ॲपही व्यवस्थित चालू राहतात.

साइट न उघडण्याचं कारण मात्र मला माहीत नाही.


गुहागर_रॉमवाला

सर, आता अँड्रॉइड ७ वर कोण राहतं? मिडोसाठी, म्हणजे या नोट ४ साठी, टेलिग्रामच्या ग्रुपवर अँड्रॉइड १५ चे रॉम मिळतात, एकदम मख्खन. आंजर्लेवाले दादा, सरळ टीडब्ल्यूआरपी (अँड्रॉइडबाहेर चालणारी, रॉम बसवायची रिकव्हरी) टाका, सगळं वाइप करा म्हणजे पुसा, रॉम फ्लॅश करा म्हणजे बसवा. फर्मवेअर वगैरे काही लागत नाही. मधेच 'एरर ७' आला तर घाबरू नका. झिप उघडायची, आत अपडेटर-स्क्रिप्ट नावाची फाइल असते, तिच्यातल्या 'असर्ट'च्या ओळी काढून टाकायच्या आणि परत फ्लॅश करायचं. झालं काम.


वेंगुर्ला_दुरुस्ती

आंजर्लेवाले दादा, मी वेंगुर्ल्याला फोन दुरुस्तीचं दुकान चालवते. जरा सविस्तर लिहिते, कारण वरच्या दोन उत्तरांतलं एक अर्धं बरोबर आहे आणि दुसऱ्यातली एक गोष्ट तुमचा फोन कायमचा घालवू शकते.

सॉफ्टवेअरआधी चार्जिंगचं पोर्ट बघा. नोट ४ ला मायक्रो यूएसबी आहे आणि आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत ते पोर्ट आतून हिरवं पडतं. जून-जुलैत माझ्या टेबलावर येणाऱ्या फोनांत हीच तक्रार सगळ्यात जास्त. चार्जिंग कसंबसं होत असतं, वायर एका कोनात धरली की चालतं, म्हणून लोक तसंच वापरत राहतात. पण लॅपटॉपवरून काही लिहिलं जात असताना वायर अर्ध्या क्षणासाठी सुटली तरी पुरे. टॉर्च लावून पोर्टात बघा. हिरवटपणा दिसला तर फोन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, नीट वाळू द्या, नंतरच पुढे जा. वायर हलवल्यावर जोडणी सुटत असेल तर आधी पोर्ट बदलून घ्या.

तसंच बॅटरी. फोन सपाट काचेवर ठेवून बघा. डुलत असेल, किंवा स्क्रीनची कड एका बाजूने उचललेली दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. अशा फोनवर काहीच करू नका, आधी ती बदला. भारतातला नोट ४ स्नॅपड्रॅगन ६२५ चा, त्याची बॅटरी बीएन४३. बाजारात बीएन४१ सुद्धा नोट ४ चीच म्हणून मिळते, पण ती बाहेरदेशी विकल्या गेलेल्या मीडियाटेकवाल्या नोट ४ ची. दुकानदाराकडून नंबर वाचून घ्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न. फर्मवेअर आणि रॉम वेगळे आहेत. फोनचं बटण दाबलं की अँड्रॉइड लगेच सुरू होत नाही. आधी चिपच्या आत एकामागून एक छोटे प्रोग्रॅम चालतात. पहिला मेमरी वगैरे जागी करतो, दुसरा सुरक्षेचा भाग सांभाळतो, एक वीजपुरवठा बघतो, मग बूटलोडर येतो आणि तो अँड्रॉइडच्या हाती कारभार देतो. मॉडेम तर वेगळाच प्रोसेसर आहे, त्याचं सॉफ्टवेअर वेगळ्या पार्टिशनमध्ये बसतं. कॉल, डेटा हे त्याचं काम आणि या चिपमध्ये जीपीएससुद्धा त्याच्याचकडे. या सगळ्याला मिळून आपण फर्मवेअर म्हणतो. रॉम म्हणजे त्याच्या वर बसणारं अँड्रॉइड. घर जुनंच, जोतंही तेच, फक्त छप्पर नवं घालतोय असं समजा. छपराचं माप जोत्याला जुळावं लागतं.

रॉम बनवणारा माणूस ठराविक फर्मवेअर समोर धरून रॉम बनवतो. खाली मार्शमेलोच्या (अँड्रॉइड ६) काळातलं फर्मवेअर राहिलं आणि वर नवं अँड्रॉइड बसवलं, तर कधी फोन लोगोवर अडकतो, कधी चालू होतो पण वायफाय लागत नाही, कधी फिंगरप्रिंट जातं, आणि कधी सिमच दिसत नाही. लोक मग रॉमला शिव्या घालतात. रॉम ठीक असतो, खालचं मॉडेम जुनं असतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : आधी फर्मवेअर, मग रॉम. आणि तुमच्या बाबतीत यातलं पहिलं काम बहुधा झालेलंच आहे. या फोनचं कंपनीकडून आलेलं शेवटचं मोठं अपडेट एमआययूआय ११, अँड्रॉइड ७.० वर. कंपनीचं पूर्ण अपडेट येतं तेव्हा फर्मवेअर त्याच्याच पोटात येतं. एमआययूआय ११ नेहमीच्या अपडेटने आलेला असेल तर जोतं तयार आहे. बूटलोडरचं कुलूप काढण्याआधी, म्हणजे अनलॉक करण्याआधी, एकदा अपडेटरमध्ये जाऊन तीन टिंबांतून पूर्ण पॅकेज परत उतरवून घेता आलं तर जरूर घ्या. ज्यांच्या फोनवर आधीच कुठला तरी रॉम आहे त्यांना मात्र फर्मवेअरची वेगळी झिप लागते. शाओमी फर्मवेअर अपडेटर नावाच्या प्रकल्पात कंपनीच्या मूळ रॉममधून फक्त फर्मवेअर वेगळं काढून ठेवलेलं असतं. डाऊनलोड करताना फोनचं सांकेतिक नाव 'मिडो' आहे ना ते बघा, 'निकेल' ही मीडियाटेकची भावकी आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

आता एरर ७. गुहागरच्या दादांना मी कळकळीने सांगते, हा सल्ला कुणाला देऊ नका. 'असर्ट' म्हणजे रॉमने फ्लॅश होण्याआधी विचारलेला प्रश्न असतो. हा फोन मिडोच आहे का? खालचं फर्मवेअर मला हवं तेवढं नवं आहे का? उत्तर नाही आलं की तो थांबतो आणि एरर ७ दाखवतो. ती ओळ काढणं म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड दाबणं. फोन मिडो असेल आणि फर्मवेअर जुनं असेल तर फर्मवेअर नवं करा, ओळ आपोआप गप्प बसते. रिकव्हरी फार जुनी असली तरीही हा एरर येतो, तेव्हा रिकव्हरी नवी घ्या. आणि फोनच दुसरा असेल तर त्या ओळीने तुमचा फोन वाचवला. दुसऱ्या फोनचा बूटलोडर या फोनमध्ये लिहिला गेला की पुढे ना फास्टबूट (लॅपटॉपकडून सॉफ्टवेअर घेणारी बूटलोडरची अवस्था) येतो ना रिकव्हरी. लॅपटॉपला लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त क्वालकॉम ९००८ एवढं दिसतं. तिथून फोन परत आणता येतो, पण त्यासाठी बऱ्याचदा मागचं कव्हर उघडून बोर्डावरचे दोन बिंदू जोडावे लागतात. घरी करण्यासारखं ते काम नाही.

हे कळलं की कशाची भीती बाळगायची तेही कळतं. अँड्रॉइडची सिस्टिम लिहिताना मधेच काही बिघडलं, तरी बूटलोडर शाबूत असतो. परत फास्टबूटमध्ये जायचं, परत टाकायचं. मॉडेम लिहिताना बिघडलं तरी तसंच. धोका असतो तो बूटलोडर आणि त्याच्या आधीचे प्रोग्रॅम लिहिले जातात त्या काही सेकंदांत. म्हणून आपल्याकडच्या लाईटच्या भानगडीत मी फर्मवेअरची झिप नेहमी एसडी कार्डवर ठेवून फोनच्याच रिकव्हरीतून टाकते. वायर नको, लॅपटॉप नको, लाईट गेली तरी फोनच्या बॅटरीवर काम पुरं होतं. चार्ज सत्तर टक्क्यांच्या वर ठेवा. नोट ४ मध्ये दुसऱ्या सिमच्या जागी कार्ड बसतं. ते कार्ड फोनच्या अंतर्गत स्टोरेजमध्ये मिसळलेलं नसावं, सुटं असावं.

रेंज दोन काड्या म्हणालात म्हणून आणखी एक. अशा ठिकाणी डाऊनलोड मधेच तुटतं आणि फाइल दिसायला पूर्ण दिसते. उतरवण्याच्या पानावर प्रत्येक फाइलपुढे एसएचए-२५६ ची लांबलचक अक्षरमाळ दिलेली असते. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' नावाची आज्ञा आधीच असते, तिने आपल्या फाइलची तीच माळ काढा आणि दोन्ही जुळवा. एक अक्षर वेगळं आलं तरी फाइल फेकून द्या आणि परत उतरवा.

अनलॉकचं सांगते. सिम घालून, वायफाय बंद ठेवून, मोबाइल डेटावर एमआय अकाउंट फोनला जोडायचं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू करायचं आणि 'एमआय अनलॉक स्टेटस'मध्ये अकाउंट नोंदवायचं. मग कंपनीच्या अनलॉक टूलने करायचं. ते टूल बहुतेक वेळा लगेच उघडून देत नाही, थांबा म्हणतं. कुणाला ७२ तास, कुणाला ३६० तास सांगतं. तेवढं थांबायचं, मधे अकाउंट काढून परत जोडायचं नाही, नाहीतर मोजणी पहिल्यापासून. अनलॉक झाला की फोन पूर्ण पुसला जातो, तेव्हा भावाचे फोटो आधीच काढून घ्या.

अनलॉकनंतर टीडब्ल्यूआरपी टाकलीत की फोन एकदाही एमआययूआयमध्ये चालू होऊ देऊ नका. तो स्वतःची रिकव्हरी परत लिहून टाकतो. आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र धरून सरळ रिकव्हरीत शिरा. तिथे सगळ्यात पहिलं काम म्हणजे बॅकअप, आणि त्यात 'ईएफएस' व 'पर्सिस्ट' या दोन खुणा केल्याशिवाय पुढचं बोटही हलवू नका. ईएफएसमध्ये तुमचे आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) आणि मॉडेमची त्या एका फोनपुरती जुळवणी असते. ती गेली तर नेटवर्क गेलं, आणि ती दुसऱ्या फोनमधून उसनी आणता येत नाही. पर्सिस्टमध्ये सेन्सरची वगैरे जुळवणी असते. दोन्ही फायली छोट्या असतात. एसडी कार्डवर घ्या, तिथून लॅपटॉपवर आणि आणखी एका पेनड्राइव्हवर. माझ्याकडे नेटवर्क गेलेले जे फोन येतात, त्यांच्या मालकांना मी आधी हीच फाइल विचारते, आणि बहुतेकांनी ती कधी घेतलेलीच नसते.

बॅकअप झाला की फॉरमॅट डेटा, तिथे इंग्रजीत 'येस' टाइप करावं लागतं. एमआययूआयचं एन्क्रिप्शन नव्या रॉमला वाचता येत नाही म्हणून हे लागतंच. मग रॉम, आणि रॉमपाठोपाठ मधे रीस्टार्ट न करता गूगलची ॲप, म्हणजे जीॲप्स. लिनेजसोबत माइंडदगॅप्स घ्या, एआरएम६४ (या चिपच्या जातीचं), आणि रॉमच्या अँड्रॉइडशी जुळणारं. तुमच्या कामाला हे गाळून चालणार नाही, कारण बहुतेक ॲपच्या सूचना गूगलच्या सेवेमार्फतच येतात. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो, बंद करू नका.

रॉम कुठला? टेलिग्रामवरचा अँड्रॉइड १५ नको. ३ जीबी रॅमवर तो धावेल कदाचित, पण कुणी बनवला, आत काय घातलं, पुढच्या महिन्यात तो माणूस असेल का, काही माहीत नसतं. लिनेजच्या विकीवर मिडोचं स्वतंत्र पान आहे. तिथे बघा बिल्ड कुठल्या आवृत्तीचे निघतात आणि निघायचे थांबलेत का. त्या पानावरची पायऱ्यांची ओळ माझ्यापेक्षा वेगळी असेल तर त्यांचं ऐका. ते त्यांचीच रिकव्हरी वापरायला सांगतात, तसंच करा, फक्त ईएफएसचा बॅकअप त्याआधी टीडब्ल्यूआरपीतून घेऊन ठेवा.

आता साइटचं कोडं. तुमचा ब्राउझर कुणावर विश्वास ठेवायचा याची यादी अँड्रॉइडकडून घेतो. जगातल्या असंख्य साइट लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र वापरतात. त्यांचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, आयएसआरजी रूट एक्स१, अँड्रॉइडच्या यादीत ७.१.१ पासून आलं. त्याआधीचे फोन एका जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर चालत होते. ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, तरी जुन्या अँड्रॉइडसाठी खास सोय करून आणखी तीन वर्षं गाडी ढकलली होती. तीही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. तुमचा फोन ७.० वर आहे, म्हणजे थोडक्यात हुकला. फायरफॉक्स स्वतःची यादी स्वतः बाळगतो, म्हणून त्याच्यात उघडतं. नवा रॉम टाकलात की हे आपोआप सुटेल. रॉम टाकायचाच नसेल तर ते मूळ प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टच्या अधिकृत पानावरून उतरवून सेटिंग्जमधल्या सुरक्षेच्या भागातून बसवता येतं. बसवल्यावर फोनला लॉक लावावं लागतं, बाबांना तेवढं चालायला हवं.

सरांचं म्हणणं मी अर्धं बरोबर म्हटलं ते यासाठी, की फक्त सूचना वेळेवर यायच्या असतील तर त्यांनी सांगितलेल्या तीन सेटिंग्ज आधी करून बघा. त्याने भागलं तर एवढी यातायात नको. आणि ज्या फोनवर यूपीआय किंवा बँक चालते तो अनलॉक करू नये, या मताची मीही आहे. अनलॉक फोन गूगलच्या तपासणीत नापास होतो, ती ॲप मग चालतील न चालतील. बाबांच्या फोनवर पैसे नसतील तर हा मुद्दा तुम्हाला लागू नाही. पण दुकानात सॉफ्टवेअर मारतात ते बहुतेक वेळा तेच जुनं एमआययूआय परत लिहितात. हँग होणं थांबेल, आवृत्ती तीच राहील, त्यावर पैसे घालू नका.

कॉलचं : जिओला टू-जी, थ्री-जी नाही, कॉल व्हीओएलटीईवरच, म्हणजे फोर-जी डेटावरूनच जातो. रॉममध्ये व्हीओएलटीई नसेल तर इंटरनेट येईल आणि कॉल जाणार नाही. मिडोवर लिनेजमध्ये ते चालतं. तरी पहिल्या दिवशीच बागेत जाऊन, घरच्या वायफायपासून लांब, कॉल करून आणि घेऊन बघा.


मालवण_होडी

ताय, माजो फोन दुसऱ्या कंपनीचो आसा. होडयेर नेवक बरो म्हणान ठेवलंय. त्येच्यात लिनेज घातलंय, सगळा बरा चलता, पन जिओचा कार्ड घातला की इंटरनेट येता आणि फोन लागना नाय. तुम्ही सांगल्यात तसाच. ह्येका काय उपाय आसा काय?


वेंगुर्ला_दुरुस्ती

दादा, तुमच्या फोनचं मॉडेल लिहा म्हणजे नक्की सांगते. पण समजून घ्या. व्हीओएलटीईचा जो भाग असतो, आयएमएस, तो काही कंपन्यांनी आपल्या अँड्रॉइडच्या आत स्वतःच्या पद्धतीने बंद करून ठेवलेला असतो. तो रॉम बनवणाऱ्यांना मिळत नाही. क्वालकॉमच्या चिपवरच्या शाओमी, मोटोरोला अशा फोनांत तो बहुधा चालतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांवर लिनेज टाकल्यावर तो चालत नाही, आणि तिथे फर्मवेअर नवं करूनही फरक पडत नाही. उपाय दोनच. मूळ सॉफ्टवेअर परत टाका, किंवा ज्यांचं टू-जी अजून चालू आहे त्यांचं सिम घाला. समुद्रात फोन लागणं महत्त्वाचं, तुम्ही मूळ सॉफ्टवेअरवर जा असं मी सांगेन. सॅमसंग असेल तर ते ओडिन नावाच्या टूलने परत टाकता येतं, फक्त फोनमधल्या नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज एकदा उडालेला परत जुळत नाही, एवढं लक्षात ठेवा.


आंजर्ले_आगर

ताई, तुमचे किती आभार मानू. पोर्ट टॉर्चने बघितलं, खरंच हिरवट आहे. साफ करतो. सरांच्या तीन सेटिंग्ज केल्या, सूचना आता पुष्कळ बऱ्या येतात, तरी साइट आणि सुरक्षेसाठी रॉम टाकायचं ठरवतोय. या फोनवर बँक ठेवणार नाही. अनलॉक टूलने थांबायला सांगितलंय.

अजून दोन शंका. समजा जमलं नाही तर मूळ एमआययूआयवर परत येता येतं ना? आणि रॉम टाकल्यावर दर महिन्याला अपडेट आलं की हे सगळं, फर्मवेअर, जीॲप्स, परत करायचं का?


वेंगुर्ला_दुरुस्ती

परत येता येतं. मिडोचा फास्टबूट रॉम आत्ताच, अनलॉकच्या आधी, उतरवून लॅपटॉपवर ठेवा. नंतर अडचणीत असताना दोन काड्यांवर ती मोठी फाइल उतरवत बसणं नशिबी येऊ नये. तो एमआयफ्लॅश टूलने टाकायचा. त्या टूलच्या खालच्या पट्टीत तीन पर्याय असतात आणि 'क्लीन ऑल अँड लॉक' हा आधीच निवडलेला असतो. तो बदलून 'क्लीन ऑल' करा. चुकीचा किंवा अर्धवट रॉम आत असताना बूटलोडरला कुलूप लागलं की फोन चालूच होत नाही. पूर्णपणे मूळ एमआययूआयवर आलात, फोन नीट चालू होतोय हे बघितलंत, तरच कुलूप लावायचा विचार करा. लिनेज आत असताना तर कधीच नाही. या टूलला वायर लागते, म्हणून ते पोर्ट आधी दुरुस्त झालेलं असू दे, आणि लॅपटॉपचीही बॅटरी भरलेली.

अपडेटचं सोपं आहे. लिनेजच्या सेटिंग्जमध्ये अपडेटर असतो, तिथून उतरवायचं, फोन स्वतःच रिकव्हरीत जाऊन बसवतो. त्याच आवृत्तीतल्या अपडेटला जीॲप्स आपोआप टिकतात, काही पुसावं लागत नाही. फर्मवेअरला तर हातच लावायचा नाही, कंपनीचं नवं काही येणारच नाहीये. हाच या जुन्या फोनांचा कमकुवत भाग. अँड्रॉइडचा वरचा भाग रॉमवाले दुरुस्त करत राहतात, सुरक्षेची तारीख नवी दिसते, पण मॉडेम आणि चिपचा खालचा भाग जिथे कंपनीने सोडला तिथेच राहतो. म्हणून या फोनवर पैसे ठेवत नाही म्हणालात ते बरं केलंत.

आवृत्ती बदलायची असेल, म्हणजे लिनेजचा पहिला आकडाच पुढे जाणार असेल, तेव्हा मात्र अपडेटरवर विसंबू नका. विकीवरच्या पानात अपग्रेडची वेगळी कृती असते. त्यात रॉमपाठोपाठ त्या आवृत्तीचं जीॲप्स परत टाकावं लागतं. रॉम टाकून झाल्यावर सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या भागात जाऊन दामिनीला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा आणि लोकेशनची परवानगी 'कायम' द्या. एमआययूआयसारखा ऑटोस्टार्टचा अडथळा लिनेजमध्ये नाही, पण फोन झोपवण्याची अँड्रॉइडची स्वतःची रीत तिथेही आहेच. आणि बाबांना सांगा, ॲप गप्प असलं तरी गडगडाट कानावर आला की झाडाखालून निघायचं.

पोर्ट साफ करून झालं की फोटो टाका, मी बघते बदलायची गरज आहे का ते.